रासायनिक प्रोब (प्रथिनांवरील बदलांसाठी)

सस्तन प्राण्यांच्या पेशीत प्रथिन तयार झाल्यावर त्याला पुढे साखर, मेदाम्ल वगैरे काय काय जोडले जाते, हे शोधण्यासाठी पेशीला बाहेरून दिलेला खुणेचा रेणू. तो पेशीच्या नेहमीच्या कच्च्या मालासारखाच असतो. फक्त त्याला अ‍ॅझाइड किंवा अल्काइन हा अणूंचा इवलासा गट जोडलेला असतो. विकरे (पेशीतली एन्झाइमे) त्याला आपलाच समजून प्रथिनावर बसवतात. चमकणारा रंग त्याला नंतर जोडतात. आधीच जोडला असता तर एवढा मोठा रेणू विकराच्या खाचेत बहुधा मावला नसता.

बडोदेकरांना ही युक्ती परकी वाटू नये. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये सुरू झालेल्या इथल्या कलाभवनात रंगकाम शिकवले जाई. अलिझरीन या लाल रंगाच्या छपाईत आधी तुरटीचा ठसा मारतात, मग अख्खे कापड कढत रंगात बुडवतात. लाल रंग पक्का बसतो तो ठशावरच. प्रोबचे काम त्या तुरटीचे.

अ‍ॅझाइड आणि अल्काइन यांचे गट पेशीत एरवी जवळजवळ नसतातच, म्हणून ते एकमेकांनाच धरतात. तांब्याच्या साहाय्याने ही जोडणी झटपट होते, हे २००२ मध्ये शार्पलेस आणि मेल्डाल या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. पण तांबे जिवंत पेशीला विषारी. रसायनशास्त्रज्ञ बर्टोझी यांच्या गटाने २००४ मध्ये अणूंच्या ताणलेल्या कड्याचे अल्काइन वापरून तांब्याची गरजच संपवली. तिघांना २०२२ चे नोबेल मिळाले.

पामिटिक आम्ल या मेदाम्लाचे उदाहरण घेऊ. अल्काइन असलेले मेदाम्ल पेशींना काही तास देतात, पेशी फोडून रंग जोडतात आणि जेलच्या थरात विजेने प्रथिने आकारानुसार वेगळी करतात. स्कॅनरखाली पट्टे उजळतात. तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. शेजारच्या रांगेतला नमुना हायड्रॉक्सिलअमाइन या रसायनात ठेवलेला असतो. सिस्टेइन या अमिनो आम्लावरचा थायोएस्टर (गंधकातून जोडलेला) बंध त्याने तुटतो आणि तिथला पट्टा विझतो. ग्लायसीन या अमिनो आम्लावर अमाइड (नायट्रोजनातून जोडलेल्या) बंधाने बसलेले मेदाम्ल मात्र टिकते. प्रोबशिवायही काय चमकते ते कळावे म्हणून प्रोब न दिलेल्या पेशींचीही एक रांग हवीच. माझ्या मते तिच्याशिवाय जेलचे चित्र वाचूच नये.

साखरेच्या प्रोबबाबत तर आणखी जपावे लागते. पेशीत सहज शिरावी म्हणून साखरेला अ‍ॅसिटिल गट लावतात, आणि अशी साखर विकराशिवायही सिस्टेइनला चिकटू शकते. मग पेशीने कधी केलाच नाही असा बदल जेलवर चमकतो.