संदेशकथा

मनाला आधार मिळावा म्हणून मोबाइलवरच्या संदेशांतून थोडी थोडी सांगितलेली गोष्ट. तिच्यातले पात्र वाचणाऱ्यासारखेच, त्याच्याच अडचणीत सापडलेले असते आणि एखादे लहानसे, जमण्याजोगे पाऊल उचलते. उपदेश नसतो. रोज सकाळी गुलाबाच्या फुलासह येणाऱ्या सुविचाराहून ती वेगळी ठरते ती इथेच.

रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरीत मात्र ७०, तीही काना, मात्रा, हलन्त सुटे मोजून. मराठीला ही काटकसर नवी नाही. श्रावणातली कहाणी साठा उत्तरांची असली तरी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होतेच. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलासाठी असा संदेश लिहिता येईल: ‘काल मेसचा डबा न उघडताच परत दिला. आज निदान दोन पोळ्या खाल्ल्या.’ चिन्हे ६२. निकाल, गावाकडचे फोन, वाढते वय यांतले काही सांगितलेले नाही. परत गेलेल्या डब्यात ते आलेच. दुसऱ्या दिवशी पुढचा तुकडा आणि एक प्रश्न: ‘तू जेवलास का?’ उत्तर दिलेच पाहिजे असे नाही.

मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ मधील प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लेखन केले. आपले क्लेशदायक अनुभव भावनांसकट लिहिणाऱ्यांना आधी जास्तच उदास वाटले. पुढच्या सहा महिन्यांत मात्र आरोग्य केंद्रातल्या त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या कथनोपचारात माणूस आणि त्याची अडचण वेगळी काढतात. ‘मी नापास’ असे न म्हणता ‘नापास होण्याची भीती माझ्या मागे लागली आहे’ असे म्हणायचे. पुण्यात १९८६ मध्येच अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून सुटलेली माणसे नव्यांना आपली कहाणी सांगत आली आहेत. तिथे ऐकणारा समोर बसलेला असतो आणि त्याचा चेहरा दिसतो. संदेशात तो दिसत नाही, ही या प्रकाराची खरी उणीव.

म्हणून जीव देण्याचे विचार येत असतील तर गोष्ट पाठवत बसू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर माणसाशी बोलता येते. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. आणखी एक साधी खबरदारी: कॉट बेसिसच्या, म्हणजे एकेका खाटेचे भाडे देऊन अनेकांनी मिळून राहण्याच्या खोलीत फोन चार्जिंगला उघड्यावर पडलेला असतो, तेव्हा पहिली ओळ पडद्यावर कोणीही वाचली तरी चालेल अशीच लिहावी.