चराईबंदी

माळावर, डोंगरउतारावर किंवा गायरानात ठरावीक काळ जनावरे न सोडण्याचा गावाने केलेला नियम. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील गावांत तो पाणलोटाच्या कामांबरोबर रूढ झाला. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार ही त्याची गाजलेली उदाहरणे. कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान यांच्या जोडीने त्याला आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत स्थान मिळाले.

मारवेल, पवना, शेडा ही बहुवार्षिक गवते बी धरण्याआधीच वर्षानुवर्षे खाल्ली गेली की त्यांची ठोंबे मरतात आणि कुसळी हे कुसळांचे गवत माजते. कोवळी असताना जनावरे ती खातात. एकदा फुलोरा आला की तिची टोकदार कुसळे तोंडात आणि मेंढीच्या लोकरीत रुततात, मग तिला कोणी विचारत नाही. पुढे तीही विरळ होते. उघड्या जमिनीवर वळवाचे थेंब आपटतात, मातीचे सुटलेले बारीक कण छिद्रे बुजवतात आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. मातीचा थर मुळात वीतभराचा. तो धुपला की मुरूम वर येतो, आणि मुरमावर मारवेल सहजी येत नाही. एका चांगल्या पावसाने दुष्काळ हटतो, पण माळ सुधारत नाही.

बंदीत गवत विळ्याने कापून नेण्यास मुभा असते. जनावर गोठ्यात बांधून वैरण घालायची, असा हा हिशेब आहे. दुभत्या गाई पाळणाऱ्याला तो परवडतो. दोन-चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीनाला जड जातो. धनगरांचे तर सगळे जगणेच फिरण्यावर. पावसाळ्यानंतर वाडा, म्हणजे त्यांचा मेंढरांसह फिरता तळ, हलतो, मेंढरे गावोगावच्या शेतांत बसवली जातात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. ठराव करणाऱ्या ग्रामसभेत या फिरस्त्यांना आवाज नसतो. माळ उजाड झाल्याचा सगळा दोष मेंढरांच्या माथी मारणेही बरोबर नाही: माळ नांगरले गेले, गायराने अतिक्रमणात गेली आणि उरलेल्या तुकड्यावर तेवढीच तोंडे चरू लागली.

कायमची बंदीही गवताला मानवत नाही. न कापलेले, न चरलेले जुने गवत वाळून ठोंबावरच साचते, नवे फुटवे दबतात आणि उन्हाळ्यात वणव्याची भीती वाढते. त्यामुळे माळाचे भाग पाडून एक भाग राखायचा व दुसरा चरायला मोकळा सोडायचा, अशी आळीपाळीची चराई अधिक टिकाऊ ठरते.