सेव्हन-इलेव्हन

सेव्हन-इलेव्हन : रोजचा किराणा, तयार खाद्यपदार्थ, शीतपेये आणि बिलभरण्यासारख्या किरकोळ सेवा एकाच लहान दुकानात देणारी आंतरराष्ट्रीय साखळी. सुमारे २० देशांत व प्रदेशांत मिळून तिची ८०,००० हून अधिक दुकाने आहेत. त्यांपैकी २१,००० च्या वर एकट्या जपानमध्ये, १४,००० च्या वर थायलंडमध्ये. पाटी सगळीकडे तीच असली, तरी धंदा प्रत्येक देशात वेगळ्या हातांत असतो. तिथल्या भागीदाराने माल कुठून आणला, दुकाने किती जवळजवळ उघडली आणि दुकानदाराशी कोणता करार केला, यावरच साखळी तिथे वाढली की मोडली हे ठरले आहे.

प्रारंभ : अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, डॅलस येथे १९२७ मध्ये साउथलँड आइस कंपनी बर्फाच्या लाद्या विकत असे. घरोघरी फ्रीज नव्हते, त्यामुळे बर्फ न्यायला लोक रोज येत. ओक क्लिफ भागातल्या बर्फाच्या धक्क्यावरचा एक कर्मचारी इतर दुकाने बंद असताना दूध, पाव आणि अंडीही विकू लागला. कंपनीचे एक संचालक जो थॉम्प्सन यांनी ही कल्पना कंपनीच्या इतर धक्क्यांवर नेली. ही दुकाने आधी ‘टोटेम’ नावाने चालत. १९४६ मध्ये सकाळी ७ ते रात्री ११ या वेळेवरून आजचे नाव आले. चोवीस तास दुकान उघडे ठेवण्याची प्रथा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्टिनमधून सुरू झाली.

फ्रँचाइझीची, म्हणजे कंपनीच्या नावाखाली स्वतंत्र दुकानदाराने दुकान चालवण्याची, पद्धत मात्र कंपनीने स्वतः शोधून काढली नाही, विकत घेतली. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील स्पीडी मार्ट ही साखळी साउथलँडने घेतली. तिची दुकाने फ्रँचाइझीवर चालत होती. ती पद्धत पाहून १९६४ पासून साउथलँडने स्वतःची दुकानेही तशीच द्यायला सुरुवात केली. १९६९ मध्ये कॅनडात आणि १९७१ मध्ये मेक्सिकोत साखळी पोहोचली.

दुहेरी करार : परदेशातल्या विस्तारात करार दोन पातळ्यांवर होतात. वरच्या पातळीवर एखाद्या देशासाठी किंवा प्रदेशासाठी एका मोठ्या स्थानिक कंपनीला परवाना मिळतो. ती नाव व कार्यपद्धती वापरते आणि विक्रीच्या ठरावीक टक्क्याने रॉयल्टी देते. ठरल्या मुदतीत किती दुकाने उघडायची याचे बंधनही तिच्यावर असते. खालच्या पातळीवर ही कंपनी एकेका दुकानदाराशी करार करते, आणि तिथे हिशोब सहसा विक्रीवर नसून ढोबळ नफ्याच्या (विक्रीतून मालाची खरेदी किंमत वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) वाटणीवर असतो. विक्रीच्या अर्ध्याएक टक्क्याची रॉयल्टी आणि ढोबळ नफ्यातला अर्धा किंवा त्याहून मोठा वाटा यांतले अंतर हेच मधल्या कंपनीचे उत्पन्न. जागा आणि इमारत दुकानदाराची असेल तर कंपनीचा वाटा कमी असतो. जागा कंपनीची असेल तर जपानमध्ये नफा वाढेल तसा तिचा वाटाही चढत्या दराने वाढतो. कामगारांचे पगार मात्र दोन्ही प्रकारांत दुकानदाराच्याच वाट्यातून जातात.

जपान : इतो-योकादो या सुपरमार्केट कंपनीने १९७३ मध्ये साउथलँडकडून परवाना घेतला. रॉयल्टी विक्रीच्या ०.६ टक्के ठरली. त्याच वर्षी मोठ्या दुकानांवर निर्बंध घालणारा कायदा जपानमध्ये संमत झाला होता. सुमारे १०० चौरस मीटरचे दुकान त्याच्या कक्षेत येत नव्हते. पहिले दुकान मे १९७४ मध्ये टोकियोच्या तोयोसू भागात, एका मद्यविक्रेत्याच्या जागेत उघडले. ही निवड विचारपूर्वक होती. जुन्या दुकानदाराकडे जागा होती, मद्यविक्रीचा परवाना होता, ओळखीचे गिऱ्हाईक होते. पुढची कित्येक वर्षे अशीच दुकाने साखळीत ओढली गेली.

पहिली अडचण मालाच्या पोचवणीची निघाली. घाऊक व्यापारी मोठ्या गठ्ठ्याखेरीज माल देत नसत, त्यामुळे खपणारी वस्तू संपलेली आणि न खपणारी माळ्यापर्यंत रचलेली अशी दुकानाची अवस्था होई. शिवाय प्रत्येक व्यापाऱ्याची गाडी वेगळी. सुरुवातीला एका दुकानापुढे दिवसाला ७० च्या आसपास गाड्या थांबत. कंपनीने व्यापाऱ्यांना गठ्ठे फोडायला लावले आणि १९७६ पासून स्पर्धक उत्पादकांचाही माल एकाच गाडीत भरायला राजी केले. माल उत्पादकानुसार न लावता तापमानानुसार लावला गेला : गोठवलेला माल उणे २० अंश सेल्सिअसला, दूध व सॅलड ५ अंशांच्या आसपास, भाताचे पदार्थ २० अंशांना, बाकी साध्या तापमानाला. भात फ्रीजमध्ये ठेवला की कडक होतो, म्हणून त्याला स्वतंत्र गाडी आणि दिवसातून तीन खेपा. आज गाड्यांची संख्या नऊ-दहावर आली आहे.

यातूनच दुकाने दाटीने उघडण्याचे धोरण आले. बाहेरच्या माणसाला एकाच चौकात दोन सेव्हन-इलेव्हन वेडेपणा वाटतात. गाडीच्या चालकाला तसे वाटत नाही. दोन दुकानांतले अंतर कमी झाले की खेपेचा खर्च घटतो, जाहिरात फुकट होते आणि प्रतिस्पर्ध्याला मोक्याची जागा उरत नाही. तयार जेवण बनवणारे बहुतेक कारखाने केवळ या साखळीसाठीच चालतात. त्यांना पुरेसा खप मिळावा म्हणूनही पट्ट्यात दुकानांचा झुबका लागतो. त्यामुळे कंपनीने नकाशा भरण्याची घाई केली नाही. शिकोकू बेटावर ती २०१३ मध्ये गेली. ओकिनावात आधी कारखाना उभा केला आणि जुलै २०१९ मध्ये एकाच दिवशी १४ दुकाने उघडली. जपानचे सर्व ४७ प्रांत पुरे व्हायला अशी ४५ वर्षे लागली. या धोरणाची झळ मात्र दुकानदाराला लागते, कारण शेजारी उघडणारे नवे दुकान त्याच्याच गिऱ्हाइकांतून वाटा घेते आणि करारात त्याला ठरावीक क्षेत्राचे संरक्षण सहसा नसते.

ऑर्डर दुकानातच ठरते. साधारण ३,००० प्रकारच्या वस्तू, त्यांतल्या बऱ्याच दर आठवड्याला बदलणाऱ्या. ऑर्डर देणाऱ्याने उद्याचे हवामान, जवळच्या शाळेचा कार्यक्रम, रस्त्याचे काम असे सगळे पाहून अंदाज मांडायचा आणि दुसऱ्या दिवशी विक्रीच्या आकड्यांशी ताडून बघायचा. यासाठीच १९८२ पासून गल्ल्यावर बारकोड वाचणारी यंत्रे आली. साउथलँडच्या मूळ पुस्तिकांत यातले काहीच नव्हते; सेव्हन-इलेव्हन जपानचे प्रमुख तोशिफुमी सुझुकी यांच्या देखरेखीखाली हे जपानमध्ये घडले. कंपनीचा एक सल्लागार सात-आठ दुकाने सांभाळतो आणि प्रत्येकाकडे आठवड्यातून दोनदा जातो. १९७८ मध्ये आलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, याच काळजीची उपज. समुद्रशेवाळाचे पान भातापासून पातळ प्लॅस्टिकने वेगळे ठेवल्याने ते खाईपर्यंत कुरकुरीत राहते. १९८७ मध्ये विजेची बिले भरण्याची सोय, २००१ मध्ये स्वतःची बँक व दुकानातली एटीएम, २०१३ मध्ये १०० येनची ताजी कॉफी अशी भर पडत गेली.

टाकाऊ मालाचा हिशोब : दुकानदार आणि कंपनी यांच्यातला सर्वांत कडवट वाद जेवणाच्या मुदतबाह्य डब्यांवरून झाला. त्याचे मूळ हिशोबाच्या एका नियमात आहे : ढोबळ नफा काढताना टाकून दिलेल्या मालाची खरेदी किंमत वजा केली जात नाही. एक नमुना घेऊ. दुकानदाराने ७० येनच्या १० ओनिगिरी घेतल्या, १०० येनप्रमाणे ८ विकल्या, २ टाकल्या. साध्या हिशोबाने विक्री ८००, खर्च ७००, नफा १०० येन. कराराच्या हिशोबात मात्र विकलेल्या आठांचाच खर्च, ५६० येन, धरला जातो आणि नफा २४० येन होतो. कंपनीचा वाटा ६० टक्के मानला तर ती १४४ येन घेते. दुकानदाराकडे ९६ उरतात, त्यांतून टाकलेल्या मालाचे १४० गेले की तो ४४ येनने तोट्यात. पगार अजून द्यायचेच आहेत. आता उरलेल्या दोन ओनिगिरी रात्री ५० येनला विकल्या असत्या तर विक्री ९००, नफा २००, कंपनीला १२० आणि दुकानदाराला ८० येन. म्हणजे किंमत उतरवण्यात दुकानदाराचा फायदा आणि कंपनीचा तोटा. कंपनी अशा सवलतींना आडकाठी करीत असे. जपानच्या न्याय्य व्यापार आयोगाने जून २००९ मध्ये ते थांबवण्याचा आदेश दिला. त्यानंतर टाकाऊ मालाच्या किमतीचे १५ टक्के कंपनीने सोसायला सुरुवात केली. वरच्या उदाहरणात ती मदत २१ येनची. दुकानदार तरीही तोट्यातच राहतो.

चोवीस तासांच्या अटीवरूनही २०१९ मध्ये असेच पेटले. रात्रीपाळीला माणसे मिळेनात आणि एका दुकानदाराने रात्री दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. प्रकरण गाजल्यावर कंपनीने अर्ज करणाऱ्या दुकानांना वेळ कमी करण्याची वाट मोकळी केली.

मूळ कंपनीचे पतन : अमेरिकेत १९८७ मध्ये बाहेरच्या खरेदीदाराला दूर ठेवण्यासाठी थॉम्प्सन कुटुंबाने प्रचंड कर्ज काढून साउथलँडचे भाग स्वतःच विकत घेतले. त्याच ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला आणि कर्ज आणखी महागात पडले. पैसे उभे करायला मालमत्ता विकाव्या लागल्या. ऑक्टोबर १९९० मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मार्च १९९१ मध्ये इतो-योकादो व सेव्हन-इलेव्हन जपान यांनी ४३ कोटी डॉलर देऊन ७० टक्के हिस्सा घेतला. परवाना घेणाराच परवाना देणाऱ्याचा धनी झाला. २००५ पासून सगळी मालकी जपानच्या सेव्हन अँड आय होल्डिंग्जकडे आहे. या गटाने २०२१ मध्ये २,१०० कोटी डॉलरना स्पीडवे ही पेट्रोलपंपांवरील दुकानांची अमेरिकी साखळी घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये खुद्द त्याच्यावरच कॅनडाच्या कूश-तार कंपनीने खरेदीचा प्रस्ताव ठेवला आणि जुलै २०२५ मध्ये तो मागे घेतला.

इतर देश : तैवानमध्ये युनि-प्रेसिडेंट या अन्नकंपनीने १९८० मध्ये सुरुवात केली आणि पहिली काही वर्षे तोटाच सोसला. गृहिणींसाठी निवासी गल्ल्यांत उघडलेली दुकाने पुढे कोपऱ्यांवर, कामावर जाणाऱ्यांच्या वाटेत नेल्यावर धंदा सावरला. थायलंडमध्ये सीपी गटाने १९८९ मध्ये बँकॉकच्या पॅटपाँग भागात पहिले दुकान उघडले. कोंबडीपालनापासून तयार जेवणापर्यंत सगळे या गटाच्या हातात असल्याने तिथे मालाचा प्रश्न फारसा आलाच नाही.

इंडोनेशियाचा अनुभव उलटा. २००९ मध्ये जाकार्तात सुरू झालेली दुकाने तरुणांचे अड्डे बनली. बसायला खुर्च्या, वायफाय आणि तासभरात एक पेय. दुकानात गर्दी आणि गल्ल्यात चणचण. बसायच्या जागेमुळे भाडे वाढत होते आणि इंडोमारेत, अल्फामार्त या स्थानिक साखळ्या लहान जागेत स्वस्त माल देत होत्या. २०१५ मध्ये लहान दुकानांतून बिअर विकण्यावर बंदी आली, तो आधारही गेला. दुकाने दुसऱ्या कंपनीला विकण्याचा सौदा फिसकटल्यावर ३० जून २०१७ रोजी सगळी दुकाने बंद झाली. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये फ्रँचाइझी दुकानांतून, विशेषतः परदेशी विद्यार्थ्यांना, कायदेशीर किमान दरापेक्षा कमी वेतन दिले जात असल्याचे उघड झाले. कंपनीला कामगारांच्या थकबाकीपोटी १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली.

भारत व महाराष्ट्र : भारतात फ्यूचर गटाशी २०१९ मध्ये करार झाला. दुकाने उघडण्याचे उद्दिष्ट आणि शुल्क वेळेत पुरे न झाल्याने तो ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला. लगेच रिलायन्स रिटेलने परवाना घेतला आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईत अंधेरी पूर्वेला मरोळ येथे देशातले पहिले दुकान उघडले. परदेशी किराणा साखळीला भारतात थेट गुंतवणुकीने शिरायचे तर ५१ टक्क्यांची मर्यादा आणि राज्याच्या संमतीसह बऱ्याच अटी आहेत. भारतीय कंपनीला परवाना दिला की त्या आड येत नाहीत. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षभर चोवीस तास दुकान उघडे ठेवण्यास मुभा दिली आहे, पण मद्यविक्रीचे दुकान त्यातून वगळले आहे.

इथल्या हिशोबातला कळीचा फरक छापील कमाल किमतीचा. जपानी दुकान पाण्याच्या त्याच बाटलीसाठी सुपरमार्केटपेक्षा जास्त दर लावू शकते; मुंबईत छापील किमतीच्या वर जाता येत नाही आणि कोपऱ्यावरचा वाणी त्याच किमतीला, उधारीवर, वर घरपोच देतो. त्यामुळे बंद पाकिटांतून दुकानाचे भाडे निघणे कठीण. कमाई व्हायची ती गरम खाऊ, चहा-कॉफी आणि स्लर्पीसारख्या बर्फाळ पेयांतून, म्हणजे ज्यांवर छापील किंमत नसते अशा वस्तूंतून. त्यासाठी दररोज ताजे पदार्थ देणारे स्वयंपाकघर आणि त्याला पुरेल एवढी दुकाने एकाच पट्ट्यात हवीत. मधल्या काळात दहा मिनिटांत घरपोच माल देणारी ॲपे आली, त्यामुळे रात्री अकरानंतर दूध-पाव मिळण्याची सोय गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत न जाताही झाली आहे.