ओफ्रेंदा

मेक्सिकोत दरवर्षी १ आणि २ नोव्हेंबरला घरातल्या दिवंगत माणसांसाठी जी मांडणी करतात तिला ओफ्रेंदा म्हणतात. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘अर्पण’. पहिल्या तारखेला लहानपणी गेलेली मुले घरी येतात, दुसऱ्या तारखेला मोठी माणसे. अपघातात गेलेल्यांसाठी बऱ्याच ठिकाणी २८ ऑक्टोबर राखून ठेवलेला असतो. ओफ्रेंदेला सर्रास ‘वेदी’ म्हटले जाते, पण तिच्यापुढे मृतांची पूजा होत नाही. पाहुणा लांबून येणार, तहानलेला असणार, म्हणून पेलाभर पाणी, वाट दिसावी म्हणून मेणबत्ती, शेजारी मीठ, फोटो आणि त्याच्या आवडीचे जेवण, असा हा पाहुणचार आहे. ‘दिआ दे मुएर्तोस’ म्हणजे ‘मृतांचा दिवस’ या सणाचा समावेश युनेस्कोने २००८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

सणाचा उगम शुद्ध देशी की युरोपीय, यावर बरेच वाद होतात. दिएगो दुरान या धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकातच एक शंका लिहून ठेवली आहे. नाहुआ या तिथल्या मूळच्या लोकांचे मृतांचे दोन सण असत, एक धाकट्यांचा आणि एक थोरल्यांचा. चर्चच्या सर्व संतांच्या व सर्व आत्म्यांच्या दिवसांच्या आडोशाने लोक तेच सण चालवत असावेत, असे त्याला वाटले. धूप म्हणून जाळला जाणारा कोपाल हा राळेसारखा डिंक, मका आणि फुले तिथलीच. गव्हाचा पाव, साखर आणि मेणबत्त्या समुद्रापलीकडून आल्या.

फुलांमध्ये मान सेंपासुचिलचा. नाहुआत्ल भाषेत या नावाचा अर्थ ‘वीस-फूल’. वीस म्हणजे इथे पुष्कळ, भरगच्च पाकळ्यांचे. हे फूल मराठी माणसाला अनोळखी नाही. दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू हाच. तो मूळचा मेक्सिकोचा, युरोपीयांच्या जहाजांतून इकडे आला आणि इतका मुरला की आता तोरणातून त्याला वेगळा काढता येणार नाही. तिकडे रस्त्यापासून घरातल्या ओफ्रेंदेपर्यंत त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात. रंगाने आणि उग्र वासाने आत्म्याला घर सापडते अशी समजूत आहे. प्वेब्ला राज्यातल्या आत्लिस्कोच्या परिसरात ऑक्टोबरअखेर शेतेच्या शेते केशरी झालेली असतात. जोडीला जांभळट लाल कोंबड्याचे फूल असते. उत्तरपूर्वेच्या वास्तेका भागात, जिथे या सणाला शांतोलो म्हणतात, तिथे ही फुले कमानीवर बांधतात. आपल्या मखराची आठवण व्हावी अशी ती कमान, पण अर्थ वेगळा: ते पलीकडून येण्याचे दार.

ओफ्रेंदेवर मांडतात त्या साखरेच्या कवट्यांचे गाव म्हणजे तोलुका. तिथल्या साखरकामाला आल्फेनीके म्हणतात. हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला, अरबीत फारसीतून आणि फारसीत संस्कृत ‘फाणित’ म्हणजे आटवलेल्या उसाच्या रसावरून. शब्दाने उलटा प्रवास केला तो झेंडूच्या आधीच. उकळत्या पाकात लिंबू पिळून तो मातीच्या साच्यात ओततात. कडेची साखर घट्ट होईपर्यंत थोडा वेळ थांबायचे आणि मधला पातळ पाक परत ओतून काढायचा, की कवटी आतून पोकळ राहते. गुढीपाडव्याच्या गाठी घालणाऱ्या हलवायाला हे काम चटकन कळेल. थांबायचे किती, हीच काय ती खरी कला. वरून रंगीत साखरेची नक्षी, डोळ्यांत चकचकीत कागदाच्या टिकल्या आणि कपाळावर नाव. नाव मृताचेच असते असे नाही. मित्राला त्याच्याच नावाची कवटी भेट देतात आणि तो ती हसत घेतो. आपल्याकडे असे कोणी केले तर काय होईल ते सांगायला नको.

ओफ्रेंदेवर फडफडणाऱ्या कातरकामाच्या पताका, पापेल पिकादो, मुख्यतः प्वेब्लातल्याच सान साल्वादोर विस्कोलोत्ला गावात बनतात. नक्षी कात्रीने कापलेली नसते, छिन्नीने ठोकलेली असते. पतंगाच्या कागदासारखे सुमारे ५० पातळ ताव एकावर एक ठेवतात, वर नक्षीचा कागद, खाली शिशाचा पत्रा. कारागिरापुढे वेगवेगळ्या तोंडांच्या छिन्न्यांची रास असते: गोल, सरळ, चंद्रकोरी. घाव फार जोरात बसला तर पत्रा खरवडतो, हलका पडला तर तळचे ताव जुळलेलेच राहतात. प्वेब्ला राज्याने १९९८ मध्ये ही कला सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केली. आता बाजारात प्लास्टिकच्या पताका स्वस्त मिळतात. त्या फाटत नाहीत, आणि कारागिरांची अडचण नेमकी तीच आहे. साखर, कागद, फूल, पाव, मेण: ओफ्रेंदेवरचे बहुतेक सगळे संपण्यासाठीच केलेले असते, म्हणून दरवर्षी पुन्हा काम निघते.

गावकीचे अंग पाहायचे तर प्वेब्लातलेच वाकेचुला गाव गाठावे. इथे वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला तिथे छताला टेकणारी, पायऱ्यापायऱ्यांची पांढरी ओफ्रेंदा उभी राहते. ती उभारणारे जाणकार वेगळे असतात. लाकडी सांगाड्यावर पांढरे सॅटिन चुण्या घालून टाचण्यांनी बसवतात, भोवती देवदूत आणि रडणाऱ्या बालकांच्या लहान मूर्ती ठेवतात. खालच्या टप्प्यावर फोटो असतो. पुष्कळदा तो पाठमोरा ठेवून समोर आरसा लावतात. गेलेला माणूस थेट दिसत नाही, प्रतिबिंबातच दिसतो. त्या दिवशी घराची दारे उघडी असतात. ओळखीचा असो वा परका, माणूस मेणबत्ती किंवा फुले घेऊन येतो, क्षणभर उभा राहतो आणि त्याला मोले म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, पाव आणि चॉकलेट दिल्याशिवाय सोडत नाहीत. दुखवट्याच्या घराला हा खर्च जड जातो, तरी तो टाळण्याचा विचार सहसा कोणी करत नाही.

शहरांत शाळा, कचेऱ्या आणि चौकांतून ओफ्रेंदांच्या स्पर्धा भरतात. मेक्सिको सिटीतली भव्य मिरवणूक मात्र जुनी नाही: २०१५ च्या एका जेम्स बाँडपटात ती दाखवली आणि पुढच्या वर्षापासून शहराने ती खरोखर काढायला सुरुवात केली. नकलेची अशी खरी परंपरा झाल्याची उदाहरणे थोडीच. सीमेपलीकडे लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोत १९७० च्या दशकात मेक्सिकन वंशाच्या कलाकारांनी हा सण घराबाहेर आणला. आधी कार्यशाळांत बसून सगळ्यांनी कागदी फुले आणि कवट्या करायच्या, मग एकत्र मांडायचे, अशी रीत तिथे पडली. त्या सार्वजनिक ओफ्रेंदांवर शेतमजूर, युद्धात गेलेले आणि पुढे एड्सने गेलेले अशा, एका घरापुरत्या नसलेल्या माणसांचे फोटो आले.

पितृपक्षातल्या पानाशी ओफ्रेंदेची तुलना सुचते, पण इथे कावळ्याची वाट पाहावी लागत नाही. आत्मा अन्नाचा वास आणि सत्त्व घेतो असे मानतात. नंतर तेच अन्न नातलग आणि शेजारी वाटून खातात, आणि त्याला चव उरलेली नाही असे म्हणतात. मांडणी काढल्यावर पताका फाटेपर्यंत तशाच राहतात. झेंडूची काही फुले वाळवून ठेवतात. पावसाच्या सुरुवातीला त्यांचेच बी पेरायचे असते.