‘लॉसलेस’, पण कोणत्या प्रतीचे? मायकल जॅक्सनच्या अल्बमची पार्श्वभूमी

बेळगाव, निपाणी आणि खानापूर भागातील काही हौशी मराठी श्रोते सध्या मायकल जॅक्सनचे १९७९ ते २००१ या काळातील सहा अल्बम क्रमाने आणि ‘लॉसलेस’ (आवाजाचा कोणताही तपशील न गाळता साठवलेल्या) स्वरूपात पुन्हा ऐकत आहेत. त्यांत पुन्हा दिलेली जुनी गाणी वगळून नवे संगीत तेवढेच धरले, तर हा ऐवज साधारण सहा तासांचा होतो. या सहा तासांत ध्वनिमुद्रणाची फीत, कॅसेट आणि सीडी ही तिन्ही युगे येतात, त्यामुळे त्यांच्या चर्चेत गाण्यापेक्षा ‘तुमच्याकडे कोणती प्रत आहे’ हाच प्रश्न अधिक वेळा निघतो.

सीमाभागात हा गायक प्रथम कॅसेटवरून पोहोचला. मूळ कॅसेट बहुधा गोव्याहून किंवा आखातातून आलेल्या पाहुण्याच्या पिशवीत असे, आणि तिच्यावरून दुकानात कोऱ्या फितीवर नक्कल करून मिळे. दुकानदाराच्या वहीत आपल्याला हव्या त्या गाण्यांची यादी लिहायची आणि दोन दिवसांनी कॅसेट न्यायला जायचे, अशी ती पद्धत होती. १९९१चा अल्बम सुमारे ७७ मिनिटांचा, म्हणजे सीडीच्या मापाने बेतलेला होता. तो साठ मिनिटांच्या फितीवर मावत नसे आणि शेवटची तीन-चार गाणी दुकानदार सरळ गाळून टाकी. प्रस्तुत लेखकाने तो अल्बम अनेक वर्षे असा अर्धवटच ऐकला, आणि तो तिथेच संपतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. नोव्हेंबर १९९६ मध्ये या गायकाचा मुंबईत कार्यक्रम झाला, तेव्हाही इकडे कॅसेटचाच अंमल होता.

सीडी १९८२ साली बाजारात आली. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, हे तिचे माप आजही ‘सीडी दर्जा’ म्हणून प्रमाण मानले जाते. आपल्याकडे मात्र सीडीचा खरा प्रसार एमपीथ्रीच्या पाठीवर बसून झाला. मिनिटाला साधारण एक एमबी या हिशेबाने ७०० एमबीच्या एका तबकडीवर बारा तासांचे संगीत बसे, म्हणजे हे सहाही अल्बम बसून वर तेवढीच जागा उरे. कानाला सहसा जाणवणार नाही असा तपशील काढून टाकणे हे एमपीथ्रीचे तत्त्व आहे, पण कमी दराच्या, म्हणजे सेकंदाला कमी बिट वापरणाऱ्या, फायलींत ते काढणे जाणवत असे. या गायकाच्या गाण्यांत ठेक्याला जोडून येणाऱ्या चुटक्या आणि श्वासाचे आवाज असतात. त्या फायलींत चुटकीची कड बोथट होई आणि झांजेच्या नादाला पाण्याखालून आल्यासारखी सळसळ लागे.

‘लॉसलेस’ या शब्दाचा गुंता येथून सुरू होतो. फ्लॅक या लॉसलेस फायलींच्या मुक्त (कोणालाही वापरता येणाऱ्या) स्वरूपाची पहिली पक्की आवृत्ती २००१च्या जुलैत आली. त्यात फाईल सीडीच्या साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश आकाराची होते, पण उलगडल्यावर प्रत्येक बिट जसाच्या तसा परत मिळतो. मराठीत याला ‘हानिरहित’ म्हणतात, पण तो शब्द विम्याच्या कागदासारखा वाटतो. लग्नात टाकतात त्या न तुटलेल्या तांदळाच्या ‘अक्षता’ डोळ्यांसमोर ठेवल्या, तर ‘अक्षत ध्वनी’ हा शब्द अधिक नेमका ठरतो. मात्र अक्षत राहते ते हाती दिलेल्या फायलीतले. ती फाईल कोणत्या प्रतीवरून केली, याची कोणतीही हमी हा शब्द देत नाही.

योगायोग असा, की फ्लॅक आले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या गायकाचे आधीचे चार अल्बम ‘रीमास्टर’ होऊन, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणावर नव्याने प्रक्रिया होऊन, पुन्हा बाजारात आले. त्या काळी सीडी शक्य तितकी मोठ्या आवाजाची करण्याची चढाओढ होती. ध्वनिलहरींचे उंच शेंडे दाबायचे, मग सगळी पातळी वर उचलायची. पहिल्या गाण्याला आवाज भरदार वाटतो, चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत कान थकतात. १९८७च्या अल्बममध्ये तर नंतरच्या प्रतींत काही गाण्यांतील आवाज आणि वाद्यांचे मिश्रणच मूळ प्रतीपेक्षा वेगळे आहे. त्यामुळे ऐंशीच्या दशकातील सीडीवरून स्वतः उतरवलेली साधी १६ बिटांची फाईल २४ बिटांच्या नव्या फायलीपेक्षा मूळ ध्वनीच्या अधिक जवळ असू शकते. नव्या प्रतीत खर्जातील वाद्ये अधिक स्पष्ट येतात, असे काही जण म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही.

२०२१च्या मध्यास इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या एका मोठ्या सेवेने वेगळे शुल्क न घेता आपला संग्रह लॉसलेस करायला घेतला. दुसरीने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत केलेली घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने अमलात आणायला सुरुवात केली. सीडी दर्जाच्या एका तासाला तीन-चारशे एमबी खर्ची पडतात. बेळगाव शहरात दिवसाच्या दीड जीबीत ते सहज बसते, पण खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंजच टिकत नसल्याने गाणी आधी उतरवून ठेवावी लागतात. एवढे करून ती सर्वसाधारण ब्लूटूथ इअरफोनवर ऐकली, तर वाटेत पुन्हा तपशील गाळला जातो. वायरीचा इअरफोन आणि मोबाइलला जोडायचे छोटे डॅक (फायलीतील आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारे उपकरण) यांची विचारणा होते, ती यामुळेच.

संग्रह ‘संपूर्ण’ आहे का, हा वाद याहून वेगळा आहे. गायकाच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये निघालेल्या अल्बममध्ये दहा गाणी होती. त्यांपैकी तीन गाण्यांतील आवाज त्याचाच आहे का, यावर अनेक वर्षे वाद चालला आणि २०२२ मध्ये ती तीन गाणी सेवांवरून काढून घेण्यात आली. तो अल्बम आता लॉसलेसमध्ये सात गाण्यांचा आहे. २०१० साली ज्यांनी त्याची सीडी विकत घेतली, त्यांच्या कपाटात तो अजून दहा गाण्यांचा आहे.