बुके गार्नीत तमालपत्र बांधू नका

‘बुके गार्नी म्हणजे आपली मसाल्याची पुरचुंडीच की!’ हे वाक्य आता ऐकवत नाही. बुके गार्नी ही फ्रेंच स्वयंपाकातली, रश्शात सोडायची सुगंधी पाल्याची जुडी; पण तिला पुरचुंडी म्हणून लोक लवंग, दालचिनी आणि तमालपत्र मलमलीत बांधतात, फ्रेंच पद्धतीच्या स्ट्यूमध्ये सोडतात, आणि दोन तास मंद आचेवर शिजलेल्या मटणाला वास येतो तो पुलावाचा.

पुरचुंडीबद्दल पुणेकरांना काय सांगायचं! यखनीत घालतो, छोल्यांत घालतो, शिजलं की पिळून काढून टाकतो. बुके गार्नीही शेवटी काढूनच टाकतात. दोरा की फडकं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. काड्या असतील तर दोरा पुरतो, सुटे मिरीदाणे असतील तर फडकं लागतं. फक्त दोरा पांढरा सुती घ्या, रंगीत नको.

खरा फरक आत काय बांधलंय याचा. बुके गार्नीत पार्सलीचे देठ, थाइमच्या दोन-तीन काड्या आणि एखाद-दुसरं पान असतं. सगळा घोळ या पानापाशी होतो.

ते पान लॉरेलचं, भूमध्य समुद्राकाठच्या झाडाचं. तमालपत्र येतं हिमालयाच्या पायथ्याच्या आणि ईशान्येच्या डोंगरांतून, आणि ते झाड दालचिनीच्या सख्ख्या नात्यातलं. किराणा दुकानात मात्र दोन्हींच्या पाकिटांवर ‘बे लीफ’ छापलेलं असतं, त्यामुळे पाकीट वाचून काही उपयोग नाही. पान उजेडात धरा. देठाजवळून टोकाकडे तीन ठळक शिरा लांबच्या लांब गेल्या असतील तर ते तमालपत्र. मधोमध एकच शीर आणि तिला दोन्ही बाजूंनी बारीक फाटे असतील तर लॉरेल. तमालपत्र बहुधा लांबही असतं, कधी कधी वीतभर. लॉरेल बोटाएवढं आणि जाडसर.

तरी शंका राहिली तर पान मोडून हुंगा. तमालपत्रात युजेनॉल हे सुगंधी द्रव्य असतं, लवंगेत असतं तेच, म्हणून त्याचा वास गरम आणि गोडसर. गोड्या मसाल्यात ते शोभतं ते यामुळेच. लॉरेलमध्ये सिनिओल जास्त, आणि निलगिरीच्या तेलातही मुख्य तेच. म्हणून ते पान गारसर, किंचित कडवट लागतं, आणि मटणाचा तेलकटपणा त्याने हलका होतो. उलटी चूकही तितकीच वाईट: मसालेभातात लॉरेल घातलं तर भाताला औषधी वास येतो. कुठलाच वास आला नाही, तर पान जुनं झालंय, सरळ फेकून द्या.

पार्सलीऐवजी कोथिंबिरीची जुडी बांधणं हाही माझ्या डोक्यात जाणारा प्रकार. कोथिंबिरीच्या पानांचा वास दोन तास उकळीत टिकत नाही, आणि देठांची चव या स्ट्यूत परकीच वाटते. पार्सलीसाठी कॅम्पात शिवाजी मार्केटला चक्कर मारा, नाहीतर सेलरीचा एक दांडा बांधा, तो चालतो.

लॉरेल मिळालंच नाही तर पानाशिवाय करा. थाइमची एक काडी वाढवा, पार्सलीचे देठ थोडे जास्त घ्या, आणि दोऱ्याचं टोक पातेल्याच्या कानाला बांधून ठेवा, म्हणजे जुडी रश्शात शोधत बसावी लागत नाही.