बेल दाबायला कुणी नाही, तरी ती वाजतेय

खारघरला काकांच्या डायनिंग टेबलावर त्यांच्या प्रोस्टेटच्या म्हणजे पौरुषग्रंथीच्या कर्करोगाची फाइल उघडीच होती. वर्षभर दर तीन महिन्यांनी पुरुषी हार्मोन दाबणारं इंजेक्शन, टेस्टोस्टेरॉन म्हणजे ते हार्मोन अगदी तळाला. आणि पीएसएचे, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाचे, आकडे काकांनी स्वतःच्या हातानं एकाखाली एक लिहिलेले : ०.३, ०.९, २.६.

"हार्मोन संपलंय, मग हे वाढतंय कशानं? इंजेक्शन बोगस तर नव्हतं ना रे?"

इंजेक्शन बोगस नव्हतं. पण काकांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं होतं.

प्रोस्टेटच्या पेशीत अँड्रोजन रिसेप्टर नावाचं एक प्रथिन असतं. त्याला दारावरची बेल समजा. पुरुषी हार्मोन येऊन बटण दाबतं, मग हा रिसेप्टर पेशीच्या केंद्रकात जातो, डीएनएवर बसतो आणि वाढीची जनुकं जागी करतो. बोट काढून घेतलं की बेल थांबते. वृषणं काढल्यावर हा कर्करोग आक्रसतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं, १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. आजचं इंजेक्शन तेच काम शस्त्रक्रियेशिवाय करतं.

आता काकांचे आकडे बघा. पीएसए तयार करणारं जनुकही याच रिसेप्टरच्या हुकमानं चालतं. म्हणजे पीएसए हा एका अर्थी त्या बेलचाच आवाज. तो पुन्हा चढू लागला, तर बहुतेक वेळा बेल पुन्हा वाजायला लागलेली असते.

ती वाजते कशी, हे बघताना मला दरवेळी धडकी भरते. वृषणं गप्प झाली तरी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी थोडं हार्मोन बनवतात, आणि गाठ स्वतःच्या पोटातही ते बनवायला शिकते. काही पेशी रिसेप्टरच्या जनुकाच्या भरमसाट प्रती काढतात. दारावर इतक्या बेल लागल्या की नुसता धक्का पुरतो. कधी रिसेप्टरमध्ये असा बदल होतो, की बटण झाकायला दिलेली जुनी गोळीच ते बटण दाबू लागते. अशा वेळी ती गोळी बंद केल्यावर पीएसए उतरलेलं डॉक्टरांनी पाहिलं आहे. आणि रिसेप्टरच्या एआर-व्ही७ नावाच्या रूपात तर बटणाचा भागच गळून गेलेला असतो. ती बेल कुणी न दाबता वाजतच राहते.

म्हणून औषधंही वेगवेगळ्या जागी घाव घालतात. ॲबिराटेरॉन हार्मोन बनवण्याची वाट वृषणं, अधिवृक्क ग्रंथी आणि गाठ या तिन्ही ठिकाणी अडवतं. एन्झालुटामाइड बटण घट्ट झाकतं. बटणच नसेल, तर मात्र या दोघांकडून फार आशा ठेवता येत नाही.

मग बेलचा नाद सोडून दुसरी वाट धरावी लागते. या पेशींच्या अंगावर पीएसएमए नावाचं प्रथिन सहसा दाट असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूला ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी धातू जोडून शिरेतून देतात. त्याचे बीटा कण शरीरात जेमतेम दोन मिलिमीटर जातात, म्हणून मार मुख्यतः गाठीलाच बसतो. साडेसहा-पावणेसात दिवसांत या ल्युटेशियमचा जोर निम्म्यावर येतो, ते साठवून ठेवता येत नाही. खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत ते तयार होतं आणि वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेकडून अशी किरणोत्सारी औषधं देशभरच्या रुग्णालयांना जातात. काकांना हे ऐकून फार बरं वाटलं, वाशी त्यांच्या रोजच्या जाण्यायेण्यातली.

एक गोष्ट मात्र मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितली : बायोप्सीत काढलेल्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक लॅबमध्ये असेल, त्याची जनुकीय तपासणी होईल का, हे डॉक्टरांना विचारा. बीआरसीए२ हे डीएनए दुरुस्त करणारं जनुक बिघडलेलं निघालं, तर ओलापारिब हे औषध उपयोगी पडू शकतं. एक दुरुस्ती आधीच बंद असते, औषध दुसरीही बंद पाडतं आणि पेशी मरते. पण तो बिघाड जन्मजात असेल, तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. मुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा वाढलेला धोका.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी फाइल मिटली आणि ऐरोलीला लेकीला फोन लावला. "घाबरू नकोस. माझी एक तपासणी करायची आहे, त्यात काही निघालं तर तुलाही रक्त द्यावं लागेल. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे माझ्यासोबत ये."